आंबटाचे डोहाळे

"छाया, ती मूठ ठेव खाली. तुया हाताचं लागत नाई."

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो टिकला. भांडणातला आवाज वाऱ्यावर जातो. हा तसा नव्हता. तव्यावरची पोळी ताटात टाकताना "जपून, गरम हाये" म्हणावं, तितक्या मायेनं थोरली जाऊ सत्यभामाबाई बोलली होती. अमडापूरच्या शिवारात, पेरणीच्या सकाळी. पेरायच्या तिफणीला हळदकुंकू लावून झालं होतं. तिच्या चाड्यात, बी सोडायच्या वाटीत, पहिली मूठ टाकायला घरच्या बायका शेताच्या धुऱ्यावर उभ्या होत्या आणि छायाच्या मुठीत ज्वारी होती. तिचं पोट दोनदा राहून दोनदा गेलं होतं. तिनं मूठ उघडली. दाणे सुपात परत पडले. एकीनं पदर सारखा केला, दुसरीनं बैलाकडं पाहिलं.

दुसऱ्या वेळी पोट गेलं तेव्हा याच सत्यभामाबाईनं तिला शेक दिला होता, डिंकाचे लाडू करून खाऊ घातले होते, रोज मांडीवर डोकं घेऊन तेल चोळलं होतं. वैऱ्याचा बोल माणूस थुंकून टाकतो. तेल चोळणाऱ्या हाताचा बोल कुठं थुंकायचा?

त्या दिवसापासून छायाचा हात निंदायला चालला, खुडायला चालला, उफणायला चालला. लावायला चालला नाही. वांग्याचं रोप, मिरचीचं रोप, दारची तुळससुद्धा नवऱ्यानं, किसनरावानं लावायची आणि तिनं पाणी घालायचं. असा काही हुकूम निघाला नव्हता. गावात हुकूम लागत नाही. बायकांनी एकदा नजर वळवली की पुरतं. पुढं तिची कूस पुन्हा भरली नाही आणि त्या बोलावर जणू शिक्काच बसला. घरात जातं होतं तोवर ती त्याच्याशी बोलायची:

*दळन दळून झालं । पीठ भरलं सुपात*
*एक दाना नाई फुटला । तो राह्यला काळजात*

जातं गेलं, गिरणी आली. दाणा मात्र तसाच राहिला.

आता दोन्ही भावांची घरं लागून आहेत. अंगण एकच होतं, त्यात कमरेएवढी भिंत आली. भिंतीच्या अलीकडं छाया आणि किसनराव, पलीकडं सत्यभामाबाई, तिचा मुलगा कुलदीप आणि त्याची बायको रेणुका. थोरला दीर वारला आहे. सत्यभामाबाईच्या अंगणातलं वांगं गावात नावाजलेलं. मिरची अशी लागते की फांदी वाकते. दर सकाळी न्हाणीच्या चुलीतली राख ती घमेल्यात काढते आणि झाडाझाडाच्या बुंध्याशी मूठमूठ घालत फिरते. "राखेनं झाड हासते," म्हणते. हसतंही.

ब्लूबेरी या अंगणात आली ती समतामुळं. समता शाळेत विज्ञान शिकवायची. छायाच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला गेली आणि येताना काळ्या पिशव्यांतली तीन रोपं घेऊन आली. वीतभर उंचीची, पानं मेंदीपेक्षा थोडी मोठी.

"छायाताई, हे झाड आपल्या मातीत लागत नाही म्हणतात. म्हणून आणलं. पाहू तरी."

छाया तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. लागत नाही, हे तिनं आजवर माणसाबद्दल ऐकलं होतं. झाडाबद्दल कोणी असं म्हणतं, हे नवीनच होतं.

"मी लावते," ती म्हणाली.

समताला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "लावा की." इतकं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत एवढंच कोणी म्हणालं नव्हतं.

पहिलं झाड छायानं अंगणातल्या काळ्या मातीत लावलं. शेणखत घातलं, बोअरचं पाणी घातलं आणि थोरल्या जावेचं पाहिलं तसंच रोज सकाळी मूठभर राखही घातली. महिनाभरात पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, मधलं सगळं हळदीसारखं. मग कडा करपल्या. मग काडी उरली.

त्या काडीपुढं ती बसून राहिली. किसनराव चहा घेऊन आला आणि शेजारी टेकला. तिला कोणता बोल आठवला ते त्याला कळलं होतं. पण समता शाळेतून लिटमसच्या पट्ट्या घेऊन आली आणि पेल्यात माती कालवून तिनं त्यात पट्टी बुडवली. पट्टी निळी झाली.

"हे पाहा. आपली माती खारी, बोअरचं पाणी खारं. बादलीला पांढरा थर बसतो ना, तोच. आणि वरून तुम्ही राख घातली. राख तर नुसता खार. या झाडाला आंबट माती लागते, ताई. तुमच्या हाताचं काही नाही."

शेवटचं वाक्य ती सहज बोलली. छाया उठून घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बाहेर आली ती कामाला लागूनच. निळा ड्रम मधोमध कापून दोन कुंड्या केल्या. नारळाचा भुसा आणला, त्यात पालापाचोळ्याचं कुजलेलं खत मिसळलं. द्राक्षावर मारतात ते गंधक कृषी केंद्रातून आणून चिमूट चिमूट घातलं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी कॅनमध्ये धरून ठेवलं. ते संपलं की बोअरच्या पाण्यात लिंबूसत विरघळवून पट्टी लाल होईस्तोवर थांबायची. उन्हाळ्यात जुन्या लुगड्याची सावली केली.

किसनराव म्हणायचा, "पावसाचंच पानी पाह्यजे, आंबटच पाह्यजे, ऊन नाई पाह्यजे. जावईबी इतका मिजासखोर नसते वं."

"जावई नोहे," छाया म्हणाली. "पोटुशी हाये. डोहाळे लागले तिले आंबटाचे."

आणि जात्याशिवायच, कुंडीशी उकिडवं बसून, तिला ओळी सुचल्या:

*माह्या अंगनी पाहुनी । तिले गोड नाई चाले*
*आंबटाच्या डोहाळ्यानं । तिचं पान पान हाले*

पहिल्या वर्षी हिवाळ्यात फुलं आली. उलट्या टांगलेल्या इवल्या मडक्यांसारखी, पांढरी, कडांना गुलाबी. समता म्हणाली, ती खुडून टाका. पहिल्या वर्षी फळ धरू दिलं तर मुळी कमजोर राहते.

"खुडू?" छायानं विचारलं.

"हो. पुढच्या वर्षासाठी."

समता शाळेत गेली. छाया दुपारभर कुंड्यांभोवती फिरत राहिली. संध्याकाळी तिनं एकेक फूल स्वतःच खुडलं आणि पदरात घेतलं. किसनरावाला हात लावू दिला नाही. पदरातली फुलं कुठं टाकली, ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या फाल्गुनात फळं धरली. आधी हिरवी, मग जांभळट, मग निळी. वर द्राक्षासारखी पांढुरकी साय. बुलबुल टपलेलेच होते, तर तिनं मच्छरदाणी कापून पांघरली. वाटीभर पिकली त्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं. किसनरावानं विचारलं, कोणाचं लग्न हाये. ती हसली नाही. वाटी पदराखाली घेऊन ती भिंतीला वळसा घालून थोरल्या जावेच्या दारात गेली.

काय म्हणायचं ते ठरलं होतं. "बाई, माह्या हाताचं हाये, खाऊन पाहा." एवढंच. त्यावर सत्यभामाबाईचा चेहरा कसा होतो ते डोळे भरून पाहायचं आणि परत यायचं. मग बोल फिटला असता.

सत्यभामाबाईनं दोन फळं तोंडात टाकली, चावली, डोळे बारीक केले.

"आमट हाये वं. बोरं बरे याच्यापक्षा."

"माह्या हाताचं हाये, बाई."

"कुंडीतलं न ते? कुंडीत त काई बी येते. मातीत आलं पाह्यजे." तिनं आठळी नसलेल्या फळाची आठळी शोधून पाहिली आणि बोटं पुसली. "आन् लावले त समताबाईनं, नाई का? शिकलेल्या बाईचा हात. चांगला हाये तिचा हात."

"मी लावले."

"पानी घातलं न तू. पान्याले काय, कोनीबी घालते." मग तोच आवाज, मायेचा, पोळी वाढतानाचा. "बस ना. चा ठेवते. कायले इतकं करते वं ह्या वयात? कंबर दुखीन तुयी."

छाया चहा न घेता आली. वाटीतली उरलेली फळं तिनं कोंबड्यांना टाकली. तिच्या आयुष्यात तिला एकदाच काही सिद्ध करायचं होतं, तेही त्या बाईनं दोन फळांबरोबर गिळून टाकलं होतं. त्या दिवसानंतर छाया शांत झाली. किसनरावाला वाटलं, निवली. पण चूल निवते तेव्हा राखेखाली काय असतं, ते चुलीला हात लावल्याशिवाय कळत नाही.

तिला फार दिवस थांबावं लागलं नाही. जे छायाच्या दारात आहे ते आपल्या दारात नाही, हे सत्यभामाबाईला सोसलं नाही. आळीतली सोजराबाई तिच्या अंगणात येऊन दोनदा भिंतीवरून वाकून "ते निळं झाड दाखव न छाया" म्हणाली, तेवढं पुरलं. कुलदीपनं मोबाईलवरून चार रोपं मागवली. खोकं आलं तेव्हा श्रावण लागला होता, आणि समताची बदली होऊन ती जळगाव जामोदला गेली होती.

कुलदीप भिंतीशी आला. साधा पोरगा, आईला भ्यायचा.

"काकू, एक सांगा बरं. मोबाईलवर लय काई काई सांगतात. आंबट माती, फलानं, ढेकानं. आई म्हनते, मोबाईलनं कधी वांगं लावलं का? तुम्हाले माहीत हाये. आपली माती चालते का याले?"

पलीकडं सत्यभामाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "तिले काय इचारतं बे? तिचे त डब्यात हायेत. मी वाफा केला न चांगला, शेनखत घालून."

छाया कपडे वाळत घालत होती. तिनं चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटा लावला. एवढ्या वेळात ती सगळं सांगू शकली असती. माती खारी, पाणी खारं, राख तर नकोच. चादर झटकावी तितकं सोपं होतं.

"तुया आईचा हात चांगला हाये," ती म्हणाली. "ती म्हनते तसं कर."

सत्यभामाबाईनं मान हलवली. इतक्या वर्षांनी धाकटीला अक्कल आली, अशी.

लावायला मात्र तिनं रेणुकाला पुढं केलं. रेणुकाला दिवस गेले होते. "पोटुशी बाईचा हात लक्ष्मीचा," म्हणत तिनं सुनेच्या ओटीत नारळ घातला आणि चारी रोपं तिच्या हातानं लावून घेतली. रेणुका लाजत होती, हातावरची माती झटकत होती. भिंतीअलीकडून छायानं ते पाहिलं. तिच्या मनात आलं, झाडं हिच्या हातानं लागू नयेत. मग मनात आलं, हिचा काय संबंध. मग तिनं विचार करणं सोडलं.

त्या दिवसापासून छाया लिंबूसत न्हाणीत कालवू लागली, दार लावून. गंधकाची पुडी कणगीमागं गेली. पट्ट्या साडीच्या घडीत. आणि रोज सकाळी, दात घासायच्या आधी, ती भिंतीशी येऊन उभी राहायची. सत्यभामाबाई घमेलं घेऊन निघायची. वांग्याला मूठ, मिरचीला मूठ, आणि त्या चार झाडांना दोन-दोन, नवी म्हणून, लाडकी म्हणून. पांढरी राख हिरव्या पानांवरही थोडी सांडायची. ते पाहताना छायाला पोटात गार वाटायचं. उन्हातून येऊन माठाला हात लावल्यासारखं.

तिनं वाक्यही करून ठेवलं होतं. झाडं मरतील, चारचौघी जमतील, तेव्हा सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, मायेनं म्हणायचं: बाई, तुमच्या हाताचं लागत नाई. ते ती भाकरी थापताना म्हणून पाहायची. आवाज कुठं खाली न्यायचा, कुठं थांबायचं. भाकरी जास्तच गोल व्हायला लागल्या.

*राख घालते झाडाले । माही थोरली ती जाऊ*
*मी उभी भितीपाशी । सांग नको, नको सांगू*

मध्ये एकदा समताचा फोन आला. छायानं तिला झाडांचं सांगितलं, आपल्याही आणि पलीकडच्याही.

"ताई, सांगून टाका ना त्यांना. झाडांनी काय केलंय?"

"मी तरी काय केलं होतं?"

मग समता शाळेचं बोलत राहिली, तिकडच्या सातपुड्याचं, वाऱ्याचं.

दिवाळीच्या आधी पलीकडची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधलं हळदीसारखं. छायानं ओळखलं, हे तिच्या ओळखीचं मरण होतं. सत्यभामाबाईनं मिरच्या ओवाळून दृष्ट काढली आणि राख वाढवली. बुंध्याभोवती चुन्याचं रिंगणही काढलं, किड्यामुंगीसाठी. छाया रात्री नवऱ्याला म्हणाली, "चुनाबी घातला," आणि पहिल्यांदाच मोकळी हसली.

किसनराव वळून म्हणाला, "छाया, तुले माहीत हाये काऊन मरून राह्यले ते. नाई?"

"झोपा."

त्याच आठवड्यात रेणुकाचं पोट गेलं.

छाया भेटायला गेली तेव्हा रेणुका सत्यभामाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि सत्यभामाबाई तिच्या टाळूवर तेल चोळत होती. हळू, गोल गोल, मायेनं. छायानं तो हात ओळखला. तिच्या स्वतःच्या टाळूला त्याची बोटं लागल्यासारखी झाली. ती दारातच "येते बाई" म्हणून वळली. पुढं काय होणार ते तिला ठाऊक होतं. तरी ती बोलली नाही. अजून झाडं पुरती मेली नव्हती.

रेणुका काही दिवस माहेरी जाऊन परतली ती वाळून. एका दुपारी भिंतीशी आली. तिच्या तळव्यावर एक पिवळं पान होतं.

"काकू, तुमचे हिरवे, आमचे पिवळे काऊन?"

"थंडी लागली असंन."

"तुमच्या झाडाले नाई लागत थंडी?"

रेणुका पान बोटांत फिरवत राहिली.

"आत्याबाई म्हनते..." सासूचं नाव निघालं तशी ती थांबली. "जाऊ द्या."

काय म्हणते, हे छायानं विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही, कारण तिला माहीत होतं. ती कुंडीतला पाला उगाच सारखा करत राहिली, रेणुका गेली तरी.

संक्रांतीचं हळदीकुंकू सत्यभामाबाईनं मोठं केलं. चार बायका जास्तच बोलावल्या, कारण पावसाळ्यात तिनं साऱ्या आळीत सांगून ठेवलं होतं, संक्रांतीला माह्या दारात ब्लूबेरी पाहायला या, मातीतली. आता सांगितलेलं फिरवायचं कसं? अंगण सारवलं, रांगोळी काढली, सतरंज्या टाकल्या. वाफ्यातल्या चार काड्यांकडं पाठ येईल अशा. काड्यांच्या बुंध्याशी आज सकाळचीही राख होती. तिनं सोडलं नव्हतं. मेलेल्यालाही ती रोज घालत होती, आणि हे छायानं पाहिलं होतं.

छाया हिरवी साडी नेसून गेली. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. भिंतीपलीकडं तिच्या कुंड्या दिसत होत्या, फुलांच्या पांढऱ्या मडक्यांनी लगडलेल्या. आज तिला तेही सांगायची गरज नव्हती. बायकांना डोळे होतेच.

तिळगूळ झाला, उखाणे झाले. आळीतल्या शालूबाईनं नवऱ्याचं नाव घेताना बेसनाच्या लाडवात बैल गुंफला, बायका हसल्या. मग सोजराबाई पाय मोकळे करायला उठली आणि वाफ्याशी थांबली.

"सत्यभामा, हे काय वं? तुरीचे खुट ठेवले का?"

हसू पिकलं. एकजण म्हणाली, तेच ते निळं झाड. दुसरी म्हणाली, निळं कुठी हाये, काळं हाये. "भितीपलीकडं पाहा, छायाचे कसे फुलले." सगळ्या माना भिंतीकडं वळल्या, मग सत्यभामाबाईकडं.

हाच तो क्षण होता. छाया सतरंजीवरून उठली. तिनं आवाज खाली घेतला, जसा ठरवला होता तसा.

पण सत्यभामाबाई आधी बोलली. "मी कुठी लावले बाप्पा ते. रेणुकानं लावले." आणि मान थोडी वाकडी करून, मायेनं, "बिचारीचं काईच लागून नाई राह्यलं सद्या."

एकीनं पदर सारखा केला.

रेणुका वाणाच्या स्टीलच्या वाट्या ताटात घेऊन ओळीनं वाटत येत होती. शालूबाईपुढं आली. शालूबाईची सून पोटुशी होती, तिच्या शेजारीच बसली होती. शालूबाईनं वाटीकडं पाहिलं, रेणुकाच्या हाताकडं पाहिलं, आणि हसून म्हणाली, "राहू दे वं. सत्यभामा, आम्हाले तूच दे, तुया हातानं."

रेणुका ताट घेऊन तशीच उभी राहिली. ताट खाली ठेवावं, पुढं न्यावं, का मागं, ते तिला कळेना.

छायाच्या जिभेवरचं वाक्य तिथंच होतं, तयार, गोल. ते आता म्हटलं तर सगळ्या बायका ऐकतील आणि हाताची गोष्ट खरी होईल. सत्यभामाबाईच्या हाताची, रेणुकाच्या हाताची, तिच्याही हाताची. इतके महिने थापून ठेवलेली भाकरी तिनं तोंडातल्या तोंडात मोडली.

ती वाफ्याकडं गेली. वाकून तिनं एका काडीच्या बुंध्याची राख मुठीत घेतली आणि सतरंजीवर, रांगोळीच्या शेजारी, सगळ्यांसमोर मूठ उघडली.

"हे काय हाये, बाई?"

"राख हाये," सत्यभामाबाई म्हणाली. "सारवल्यावर काऊन घान करून राह्यली?"

"कोन टाकते?"

"मी टाकते. रोज टाकते. एक दिवस चुकवला नाई, इचार कोनालेबी."

"कोनाले इचारायचं नाई, मी पाह्यते रोज." छायानं हात झटकला नाही. "याले राख चालत नाई. चुना त नाईच. आपली मातीबी याले खारी, बोअरचं पानीबी खारं. याले आंबट लागते. मेलेल्या मानसाच्या हातानं लावलं असतं तरी जगलं असतं, राख नसती त. आन् साक्षात लक्ष्मीनं लावलं असतं तरी मेलं असतं. माह्यं पयलं झाड असंच मेलं. मीच राख घातली होती."

सोजराबाई म्हणाली, "अशी व्हय." शालूबाई वाटीकडं पाहायला लागली.

"घे शालू, तिच्या हातून," छाया म्हणाली. "उभी हाये पोरगी केवढ्याची."

शालूबाईनं घेतली. सुनेसाठीही घेतली. रेणुकाचं ताट पुढं सरकलं, पण तिचे डोळे छायावर होते, आणि त्यांत आभार नव्हते. ती हिशोब लावत होती. श्रावणात कुलदीप भिंतीशी गेला होता. थंडी लागली असंन, असं काकू म्हणाली होती.

सत्यभामाबाईचाही तोच हिशोब लागला. तिचा चेहरा उतरला, पण छायानं ज्यासाठी इतके दिवस वाट पाहिली होती तसा नाही. चुलीवर दूध ठेवून विसरलेल्या बाईसारखा. ती पहिल्यांदाच मायेशिवाय बोलली.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"कुलदीप इचाराले आला होता तुले."

"आला होता."

"मंग काऊन नाई सांगितलं वं?"

काहीतरी साधं उत्तर देता आलं असतं. विसरले, लक्षात नाही आलं, तुम्ही कुठी ऐकता. छायानं रेणुकाकडं पाहिलं आणि मग जावेकडं.

"पेरनीच्या दिवशी तुम्ही माही मूठ खाली ठेवाले लावली. तवापासून मी पाहून राह्यली का तुमचं काई कधी मरते. मले तुमचे झाडं मेलेले पाह्यचे होते, बाई. म्हून नाई सांगितलं."